दातांनी ऐकलेलं कुलूप

आजच्या समारंभाचे आणि आपल्या कुलूप-किल्ली कारागीर संघाचेही अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले प्राचार्य साहेब, म्हणजे माझाच मुलगा, पण आज तो 'लाभलेला' आहे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, समोर बसलेले बावीस कुलूपवाले, बाजारपेठेतले शेजारीपाजारी, आणि मागच्या रांगेत केवळ चहासाठी थांबलेले सज्जनहो, तुम्हा सर्वांना या म्हातारीचा मनापासून नमस्कार.

एवढं पाठ होतं. पुढचं भाषण प्राचार्यांनी मला लिहून दिलंय, चांगली चार पानं. मला अक्षर येत नाही हे ते विसरले असतील असं नाही. नातीनं वाचायचं आणि मी घोकायचं असं ठरलं होतं. एक पान झालं आणि नातीचं वाचणं बंद झालं. का बंद झालं ते सांगणारच आहे. तेव्हा उरलेली तीन पानं प्राचार्यांना साभार परत, आणि मी आपली माझ्याच तोंडानं बोलते.

आपले चिटणीस भाऊ माझ्या उजव्या हाताला बसून स्मरणिकेसाठी सगळं उतरवून घेतायत. भाऊ, मी बोलेन तसंच लिहा. छान करू नका.

संघानं मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलंय. आभारी आहे. बाईनं काम सोडलं की तिला वेळ बघत बसवायची, ही कल्पना ज्या कुणाची असेल त्यानं चहाच्या वेळी मला भेटावं.

बरं, मी काम का सोडतेय? वय झालं म्हणून नाही. दोन महिन्यांपूर्वी माझा खालचा पुढचा दात पडला, तो शेवटचा होता. हसू नका. समोरच्या बावीस जणांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगते. दाराच्या लाकडात बसवतात त्या कुलपात पितळेच्या पट्ट्या असतात, एकीवर एक. एका तारेनं ताण धरायचा, दुसरीनं एकेक पट्टी तिच्या उंचीला उचलायची. पट्टी बसली की बारीक 'टिक' होतं. तुम्ही ते कानांनी ऐकता. मी ताणाची तार दातांत धरते, म्हणजे ते टिक दातातून थेट डोक्यात येतं. आता कवळी बसवली. कवळीला काही ऐकू येत नाही. ती फक्त खाते.

दातांनी ऐकायची वेळ का आली? तर माझा डावा कान गेलेला आहे. संयोजकांनी प्राचार्यांना नेमकं माझ्या डाव्या हाताला बसवलंय, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार.

कान कशानं गेला, तर तापानं, असं माझा मुलगा आजवर सगळ्यांना सांगत आलाय. आणि आज पहिल्या रांगेत ती एक खुर्ची रिकामी आहे, ती माझ्या नातीची. ती का आली नाही असं अध्यक्षांनी मघाशी विचारलं, तेव्हा प्राचार्य म्हणाले, तिला ताप आहे. मंडळी, आमच्या घराण्याची ही खोड आहे. आमच्याकडे मार बसला की ताप येतो.

नातीला ताप नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत आणि ती तिच्या खोलीत कोंडलेली आहे. इथून घर दहा मिनिटांवर आहे. खोलीची किल्ली आपल्या प्रमुख पाहुण्यांच्या कोटाच्या खिशात आहे.

काय म्हणालास? उजव्या बाजूला येऊन बोल. 'आई, हे घरचं आहे, इथं नको'? घरचंच आहे रे. घरात कुणी ऐकत नाही म्हणून इथं सांगतेय. इथं माईक आहे.

आणि बावीस जण लगेच खिसे चाचपू नका! बसा खाली! कुणी उठायचं नाही. तुमच्यातला कुणीही ते कुलूप पाव तासात उघडेल, मला माहीत आहे. पण ते तुम्ही उघडून चालणार नाही. मी उघडूनही चालणार नाही. सकाळी मी दाराशी गेले होते. किल्लीच्या भोकाला तोंड लावून म्हटलं, "बाळा, मी बघू का?" आतून म्हणाली, "आजी, हात लावायचा नाही. बाबांनी मला सांगितलंय, तुला नाही. आणि तुला दात तरी कुठे आहेत?" बघा, बोटं मोडली तरी जीभ शाबूत आहे. माझ्यावर गेलीय.

बाबांनी सांगितलंय ते असं. 'एवढी शहाणी झालीस ना कॉलेज सोडून? मग हे उघडून दाखव. शनिवारचा कार्यक्रम आटोपून मी घरी येईपर्यंत उघडलंस तर जा आजीच्या दुकानात, मी अडवणार नाही. नाही उघडलंस तर सोमवारी कॉलेज, आणि पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही.' आज शनिवार. कार्यक्रम चालू आहे. आणि कार्यक्रमात शेवटचं भाषण माझं आहे.

अध्यक्ष महोदय, तुम्ही मला दहा मिनिटं दिली होती. आता तुम्हाला कळलं असेल मी घड्याळाकडे का बघत नाहीये.

तर कान. माझा नवरा, म्हणजे प्राचार्यांचे वडील, गिरणीत कामाला जाताना मला कोंडून जायचा. संशय, दुसरं काय. बाहेरून किल्ली दोनदा फिरवायचा. एकदा फिरवली की अडसर अर्धा सरकतो, दोनदा फिरवली की पूर्ण. खट, खट. तो आवाज झाला की माझा दिवस सुरू व्हायचा. तेव्हा दोन्ही कान होते.

खोलीत एक कपाट होतं, त्याचं कुलूप दाराच्याच जातीचं. मी चमच्याच्या टोकानं त्याचे स्क्रू काढले आणि ते पोट फाडून बघितलं. शिकवायला कोण होतं? हा होता, पाच वर्षांचा, तो पट्ट्या मोजायचा. "आई, चार आहेत." मोजायला त्यानं मला शिकवलं, हे कबूल करते. दोन महिने गेले. मग एक दिवस दार उघडलं. मी पोराला कडेवर घेतलं, कोपऱ्यापर्यंत गेले, उन्हात उभी राहिले आणि परत आले. आत येऊन तारेनं दार पुन्हा लावून घेतलं. खट, खट. हसताय? मीही हसते आता. सुटलेली बाई स्वतःच्या हातानं स्वतःला कोंडून घेते, आणि वर नीट कोंडते, दोन फेऱ्यांनी!

तीच नीटनेटकी सवय अंगाशी आली. एकदा तो सकाळी भांडून तणतणत गेला आणि रागात किल्ली एकदाच फिरवून गेला. मी उघडून बाहेर जाऊन आले आणि हाताच्या सवयीनं दोनदा लावलं. कुलूपवाल्यानं कुलूप जसं सापडलं तसंच ठेवावं, हे आज मी सगळ्यांना सांगते. तेव्हा मला ते सांगणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यानं बाहेरून किल्ली घातली. खट. दार उघडलं नाही, तसा थांबला. मग दुसरं खट. आत आला, हात धुतले, जेवला. मी वाढत होते. जेवून झाल्यावर किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला, बोटांच्या फटीतून किल्ल्या बाहेर काढल्या आणि माझ्या डाव्या कानावर मारला. मी पडल्यावरही मारला. किती वेळा ते मोजायला मी शुद्धीत नव्हते. मोजणारा पलंगाखाली होता.

हो ना रे? खाली बघू नकोस. कुणी तुला दोष देत नाहीये. पाच वर्षांचा होतास.

त्यानं मोठं कुलूप आणलं, सहा पट्ट्यांचं. कानातून पू यायचा, टिक ऐकू यायचं नाही, म्हणून तार दातांत धरली. चाळीस दिवस लागले. त्या वेळी पुन्हा लावायला मी परत आले नाही. पोर घेतलं आणि गेले.

हं, इथं टाळ्या वाजवू नका. टाळ्या घ्याव्यात असं पुढचं नाही.

हत्यारांच्या दुकानाच्या जिन्याखाली मी बसायला लागले. मोडकी कुलपं घ्यायची, उघडायची, पुन्हा जोडायची. दोन वर्षांनी तो मला शोधत आला. हातात लोखंडी गज. पहिल्या फटक्यात माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरा मारायला तो वाकला आणि आधारासाठी डावा हात माझ्या ऐरणीवर टेकला. माझ्या हातात हातोडा होता. मी त्याच्या हातावर मारला. तो ओरडला, गज सुटला, गुडघ्यावर बसला. संपलं होतं. मग मी पुन्हा मारला.

भाऊ, थांबू नका, लिहा. पहिला फटका भीतीनं मारला. दुसऱ्याला काही कारण नव्हतं. दुसरा मला बरा वाटला. बोटं पिठासारखी झाली. तो पुन्हा कधी आला नाही, आणि हा दप्तर घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता. त्यानं दोन्ही बघितले.

लोक म्हणतात, तुझा मुलगा केवढा शिकला. शिकला, खरंच. दिवसभर माझ्या ठोकाठोकीत बसून पुस्तकं पाठ केली त्यानं. कॉलेजला मी नावं ठेवणार नाही, कॉलेजनं त्याला जिन्याखालून वर काढला. आपल्या पोरीनं पुन्हा त्या जिन्याखाली बसू नये असं त्याला वाटलं, तर त्यात वावगं काय? पण मंडळी, कॉलेजात न जाता, बघून बघून, घरच्या घरी शिकता येतात अशा कामांत एक काम मारण्याचंही आहे. तेही त्यानं स्वतःच शिकून घेतलं. त्याला एक शिक्षक नव्हता. दोन होते, आणि त्यांतली एक तुमच्यासमोर उभी आहे.

अध्यक्ष महोदय, घंटी ऐकू आली. ती डावीकडून वाजवा, म्हणजे ऐकू येणार नाही.

आता नात. तिला मी शिकवलं असा आरोप आहे. खोटा आहे. मला शिकवता येत नाही. सात महिने ती कॉलेजला जाते म्हणून निघायची आणि माझ्या दुकानाच्या माळ्यावर बसायची. भंगारातून एकतीस कुलपं आणली, सगळी उघडून भिंतीवर पट्ट्या टांगल्या, खाली काय काय लिहिलं. मी खालून फक्त "हं" म्हणायचे, नाहीतर "उंहूं". एवढीच आमची शाळा. म्हटलं, "कॉलेज का नको गं?" म्हणाली, "आजी, तिथं घर्षण पाठ करायला लावतात." "घर्षण म्हणजे?" "कुलूप कुरकुरतं ना, ते." "मग कुरकुर म्हणावं की." "तेच तर! त्यांनी ती कुरकुर कधी ऐकलीच नाही." मी "हं" म्हटलं.

गुरुवारी प्राचार्यांना कळलं. घरी येऊन त्यांनी तिच्या हत्यारांची पेटी खिडकीतून खाली टाकली, तिसऱ्या मजल्यावरून. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. तारांची पिशवी तेवढी तिच्या खोलीच्या उंबऱ्यात पडली. ती उचलायला तिनं हात घातला आणि यानं दार आपटलं. पाहून आपटलं की न पाहता, हे त्यालाच ठाऊक. पण दार लागलं नाही म्हणून त्यानं पुन्हा आपटलं. पहिल्यांदा ती ओरडली. दुसऱ्यांदा माझ्या एका कानानं हाडांचा आवाज ऐकला. वाळकी काटकी मोडते तसा.

पुन्हा दुसरा. आमच्या घरात पहिल्यावर कुणी थांबतच नाही.

मी काय केलं? माझ्या पिशवीतला हातोडा उचलला. हा दाराच्या चौकटीला हात टेकून धापा टाकत होता आणि माझा हातोडा त्याच्या हाताच्या वर होता. सत्तरी उलटली तरी हाताला वाट पाठ होती. तो म्हणाला, "मार." पोरगी खाली बसून म्हणाली, "आजी, नको." हातोडा खाली आला नाही. मी एवढं एकच चांगलं काम केलंय असं समजा, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर.

डॉक्टरनं बोटं बांधली. हिसका बसला, असं सांगितलं त्यांना. शुक्रवारी सुताराला बोलावून दाराला नवं कुलूप बसवलं. कॉलेजात परीक्षेचे पेपर ठेवतात त्या खोलीला असतं तसलं, सात पट्ट्यांचं. तारा काढून घेतल्या. आता तिच्याकडे डावा हात आणि जेवणाच्या ताटातले दोन चमचे आहेत. ताटात दोन चमचे कसे गेले? सूनबाईनं वाढलं होतं, चूक झाली असेल तिची. काल दिवसभर खिडकीच्या दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. प्राचार्यांनी विचारलं, "हे काय?" सूनबाई म्हणाली, "पेन्सिलीला टोक करतेय, अभ्यास करत असेल." वीस वर्षांत त्या बाईनं नवऱ्याला मारलेली ही पहिली थाप. मी इतकी खूश झाले की कवळी पडली.

उठतोस? बस. तू मध्येच गेलास तर कार्यक्रम संपला नाही, आणि शब्द 'कार्यक्रम आटोपून' असा होता. प्राचार्यांनी स्वतःचा शब्द नीट वाचावा. मला वाचता येत नाही तरी पाठ आहे.

आणि किल्ली खिशात आहे ना? दोनदा फिरवली होतीस की एकदा? बघ, आठवत नाही. तुझ्या बापालाही आठवायचं नाही. किल्ली ज्याच्या खिशात असते त्याला ते आठवावं लागत नाही. आतल्यालाच आठवतं.

अध्यक्ष महोदय, तुम्ही उभे राहिलात. चहा गार होतोय, कळतंय. मलाही आता सांगायला फार काही उरलेलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटतेय. सात पट्ट्या, डावा हात, चमच्याचं पोलाद. मला माझे सगळे दात असते तरी एवढ्या वेळात उघडलं असतं का, सांगता येत नाही. हे तिला सकाळी बोलले नाही. आता बोलतेय, कारण…

मागचं दार कोण हलवतंय?

ढकलू नकोस, ते ओढायचं आहे. ओढ गं! अगं, ते कुलूप नाहीये, नुसतं दार आहे! सात पट्ट्या उघडून आलेली बाई सभागृहाच्या दाराशी अडलीय, बघा. द्या हो तिला कुणीतरी वाट.

ये. अशी उजेडात ये. उजवा हात गळ्यात, ठीक. ओठ फाटलाय. आणि तोंड उघड बघू. समोरचा दात अर्धा गेला? चमचा दातांत धरला होतास ना? कुणी सांगितलं होतं धरायला? "कुणी नाही, आजी, आपोआप धरला." हं.

मागून सूनबाई, पायात चप्पल नाही. ये गं, तूही बस.

पोरी, एकच विचारते. कुलूपवाल्यांचा प्रश्न आहे, विचार करून सांग. येताना दार परत लावलंस का? एकदा की दोनदा?

परत सांग. मला ऐकू आलंय, पण तू परत सांग, यांना ऐकू जाऊ दे.

"नाही लावलं, आजी. उघडं टाकून आले."

लिहा, भाऊ. दार उघडं आहे. मला पहिल्या वेळी हे सुचलं नव्हतं.

प्राचार्य उभे राहिलेत. हातात किल्ली आहे. टेबलावर ठेव, घड्याळापाशी. तिच्या हातात देऊ नकोस, तिला तिचा काही उपयोग नाही. आणि आज तिच्या हाताला हात लावू नकोस. पुन्हा कधी लावायचा ते ती ठरवेल. रडायचं असेल तर बसून रड, पलंग इथं नाहीये.

माझ्या दुकानाची किल्ली माझ्या कंबरेला आहे, ती सोमवारी नातीच्या. पण आधी डॉक्टर, बोटांसाठी आणि दातासाठी. ताप नाही म्हणावं त्यांना.

संघाचे, अध्यक्षांचे, आणि हत्यारं खिशात ठेवून गप्प बसलेल्या बावीस जणांचे मी आभार मानते. जे गप्प बसले त्यांना जास्त कष्ट पडले. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते पोटात घाला. जे सांगितलं ते मात्र घडलेलं आहे, त्याची माफी तुमच्याकडे मागून उपयोग नाही. ती मागायची आहे ती दुसऱ्या फटक्याची, या मुलाकडे, आणि ती मी घरी जाऊन मागेन. दार उघडंच आहे.